पाच तालुके चालले, रिसोड अडला!

आजचा भाग नुसता ऐकूनही समजेल, कोड बघायची गरज नाही.

तर झालं असं. वाशिम जिल्ह्यातल्या सहा तालुक्यांच्या पावसाच्या नोंदी वाचणारा छोटा पायथन प्रोग्राम मी फोनवर लिहिला होता. 'पाऊस' नावाचा फोल्डर, त्यात दर तालुक्याची एक फाईल, नावं इंग्रजी लहान अक्षरांत. ताईला प्रोजेक्टसाठी तो हवा होता, सबमिशन दुसऱ्या दिवशी सकाळी. तिच्या विंडोज लॅपटॉपवर घेतला आणि पाथमधले स्लॅश काढून बॅकस्लॅश टाकले. वाशिम, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा, मानोरा सगळे चालले. रिसोड काही उघडेना! फाईल तर डोळ्यासमोर दिसतेय.

पाथ म्हणजे फाईलचा पत्ता. जिल्हा, तालुका, गाव तसं फोल्डर, आतला फोल्डर, फाईल. मधली खूण मात्र वेगळी. अँड्रॉइडच्या पोटात लिनक्स, तिथे साधा स्लॅश. विंडोजची खूण बॅकस्लॅश. का? 1981 च्या डॉसमध्ये फोल्डर नव्हतेच, आणि स्लॅश कमांडचे पर्याय सांगायला वापरला जायचा. 1983 मध्ये डॉस 2.0 सोबत फोल्डर आले, तेव्हा उलटी खूण घ्यावी लागली.

आता गंमत बघा. पायथनच्या मजकुरात बॅकस्लॅशला स्वतःचा अर्थ आहे. बॅकस्लॅश-एन म्हणजे नवी ओळ, बॅकस्लॅश-आर म्हणजे ओळीच्या सुरुवातीला परत जा. रिसोडचं पहिलं अक्षर आर! पायथनने ते गिळलं आणि पत्ताच बिघडला. डब्ल्यू, एम, के यांना तसा अर्थ नाही, म्हणून बाकीचे पाच नशिबाने वाचले.

उपाय सोपा आहे. खूण हाताने लिहायचीच नाही. 2014 च्या पायथन 3.4 पासून 'पाथलिब' सोबतच येतं. त्यात फोल्डर आणि फाईल यांच्यामध्ये भागाकाराचं चिन्ह टाकलं की सिस्टीमप्रमाणे जोडणी होते. तोडायचं असेल तर 'नेम' म्हणजे फाईलचं नाव, 'पेरेंट' म्हणजे वरचा फोल्डर, 'सफिक्स' म्हणजे शेवटचं एक्स्टेन्शन.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. जोडायच्या तुकड्याच्या सुरुवातीला स्लॅश असला, तर आधीचे फोल्डर गायब होतात. आणि विंडोजला कॅपिटल-स्मॉल सहसा एकच, लिनक्सला नाही.

रात्री अकराला रिसोड उघडलं, ताई झोपली. तुम्ही मात्र आजच आपल्या कोडमध्ये बॅकस्लॅश शोधा. भेटूया!