दोन होड्यांची सांगड आणि पडावावरचं थिएटर

'सांगड घालणे' हा शब्द आपण भाषणात, अर्जात, मीटिंगमध्ये सर्रास वापरतो. मूळ शब्द मात्र पाण्यावरचा आहे. दोन होड्या शेजारी शेजारी घेऊन, वर आडव्या वाशांनी बांधून जो तराफा होतो, ती सांगड. गोव्यात तिलाच सांगोड म्हणतात आणि तिच्यावर चक्क रंगमंच उभा राहतो.

२९ जूनला संत पीटरचं, म्हणजे सां पेद्रूचं फेस्त असतं. हा पीटर स्वतः मासेमार, त्यामुळे ख्रिस्ती मच्छीमार बांधवांचा तो हक्काचा संत. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, मोठ्या बोटी वर ओढलेल्या, हात मोकळे. मग बारदेशात कांदोळी-ओर्ड्यासारख्या ठिकाणी नदीत होड्या जोडायच्या, वर फळ्या टाकायच्या, त्यावर लाकूड, कापड, पुठ्ठा, रंग लावून लहानसं चर्च उभं करायचं आणि गाणी, नाच, तियात्रातले प्रवेश करत काठाकाठाने जायचं. प्रेक्षक काठावर, नाटक पाण्यावर.

तिसवाडीतल्या कुंभारजुव्यात हेच गणपतीला होतं. विसर्जनाच्या दिवशी जोडलेल्या होड्यांवर पुराणातले देखावे उभे करतात, माणसं वेश करून उभी राहतात आणि गणपतीबरोबर सगळी मिरवणूक पाण्यातून निघते. एकीकडे चर्च, दुसरीकडे देव-दैत्य. खाली होडी तीच आणि ती बांधायची रीतही तीच.

आता थोडं लांब, इटलीतल्या व्हेनिसला जाऊ. १९७९ साली आल्दो रॉसी नावाच्या वास्तुविशारदाने तिथे तरंगतं थिएटर बांधलं. नाव 'तेआत्रो देल मोंदो', म्हणजे जगाचं नाट्यगृह. फुसिना इथल्या जहाजबांधणीच्या यार्डात एका सपाट पडावावर लोखंडी पाइपांचा सांगाडा उभा केला, त्याला बाहेरून लाकडी फळ्या मारल्या, वर आठकोनी मनोरा, त्यावर टोकदार छप्पर आणि शेंड्याला गोळा. उंची सुमारे २५ मीटर, आत साधारण अडीचशे माणसं. मधे रंगमंच, दोन्ही बाजूंना प्रेक्षक, आणि खिडकीतून समोर जाणारी बोट दिसायची. टगने ओढत ते व्हेनिसच्या जुन्या जकातघराच्या टोकाशी आणून बांधलं. १९८० च्या उन्हाळ्यात एड्रिआटिक समुद्र ओलांडून दुब्रोवनिकपर्यंत नेलं. १९८१ मध्ये मोडून टाकलं. दोन वर्षांचं आयुष्य, पण वास्तुकलेच्या पुस्तकांत त्याचा फोटो आजही असतोच.

का? तर तेव्हा 'पोस्टमॉडर्न', म्हणजे उत्तर-आधुनिक वास्तुकलेची हवा सुरू होत होती. आधीची पन्नासएक वर्षं काचेच्या आणि काँक्रिटच्या सरळ पेट्या बांधल्या गेल्या, जगात कुठेही ठेवा, सारख्याच. नवीन मंडळी म्हणाली, गावाला आठवण असते. घुमट, मनोरा, खांब, उतरतं छप्पर लोकांच्या डोळ्यांत बसलेलं असतं, ते परत वापरा, हवं तर थोडं खेळकरपणे वापरा. रॉसीचं थिएटर लांबून बघितलं तर दीपगृह वाटायचं, जवळून चर्च. शिवाय सोळाव्या शतकात व्हेनिसच्या उत्सवांत अशी तरंगती नाट्यगृहं असायची, त्याचीही ती आठवण होती. पुढच्याच वर्षी, १९८० मध्ये, या विचाराचं मोठं प्रदर्शन व्हेनिसमध्ये भरलं. कुठे? जहाजांचे दोर वळायच्या जुन्या लांबलचक कारखान्यात. आपल्या धंद्याची जागा बघा कुठे कुठे कामाला येते.

एक बोलूनच टाकतो. होडीवर पुठ्ठ्याचं चर्च उभं करणाऱ्या ओर्ड्याच्या रापणकारानेही तेच केलं आहे. त्याला कुणी वास्तुविशारद म्हटलं नाही, एवढाच फरक.

पण हे सगळं उभं राहतं ते तोलावर, आणि तोल चुकला की काय होतं ते भोपाळने पाहिलं आहे. इंद्रपुरीला लागून पिपलानी आहे. १३ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे तिथली पोरं गणपती घेऊन छोट्या तलावाच्या खटलापुरा घाटावर गेली. मूर्ती मोठी म्हणून दोन नावा एकत्र बांधल्या. मूर्ती सोडताना तोल गेला, नावा उलटल्या. लाइफ जॅकेट नव्हती. ११ जण गेले. नावाड्यांवर गुन्हा दाखल झाला.

दोन होड्या बांधल्या की रुंदी वाढते, म्हणून सांगड एकट्या होडीपेक्षा कमी डुलते, हे खरं. पण ती मुळीच उलटत नाही, हा भ्रम आहे. वजन उंचावर गेलं, माणसं एका काठाला धावली, की त्या बाजूच्या होडीचा काठ पाण्याला टेकतो. एकदा पाणी आत आलं की ते खालच्याच बाजूला जमतं आणि उरलेलं काम तेच करतं. मूर्ती सोडताना तर क्षणात मोठं वजन एका बाजूने निघून जातं आणि ढकलणारी माणसं अजून त्याच काठावर असतात. रॉसीचा पडाव रुंद आणि जड होता, टगने हळूहळू ओढला जायचा. सुंभाने बांधलेल्या दोन नावांना ती सवलत नाही.

मुंबईचं उदाहरण ताजं आहे. लालबागचा राजा ही १९३४ पासूनची, कोळी मंडळी आणि बाजारातल्या विक्रेत्यांच्या नवसातून सुरू झालेली परंपरा. २०२५ मध्ये नवा यांत्रिक तराफा आणला, भरती आली आणि मूर्ती गिरगाव चौपाटीवर दिवसभर अडकून राहिली. रात्री विसर्जन झालं. यंत्र कितीही भारी असो, भरतीचं वेळापत्रक तेच राहतं.

गणपती जवळ आले की मंडळांचे फोन येतात, 'नाखवा, दोन होड्या द्या.' द्यायला हरकत नाही, पण होड्या सारख्या मापाच्या हव्यात. एक बुटकी, एक उंच अशी जोडी लावू नका. वासे दोन्ही होड्यांच्या पार बाहेरच्या काठापर्यंत जाऊ देत आणि प्रत्येक गाठ तुमच्या तांडेलाने बघावी, मंडळाच्या कार्यकर्त्याने नव्हे. वर किती माणसं, हे काठावर असतानाच ठरवा आणि प्रत्येकाच्या अंगात जॅकेट असल्याशिवाय दोर सोडू नका. मूर्ती सोडताना अर्ध्या माणसांनी समोरच्या काठाला थांबायचं, हे आधी जमिनीवर एकदा करून घ्या. 'अजून चारच पोरं आहेत, घ्या ना' असं कुणी म्हटलं तर मग होडी निघणार नाही, हे भाडं ठरवतानाच सांगून ठेवा.