वर्ध्यात कातायला शिकताना

वर्धा जिल्ह्यात सूत कातायला, रंगवायला किंवा विणायला शिकायचं असेल तर आजही चार-पाच दारं ठोठावता येतात. सेवाग्रामचा आश्रम आणि त्याला लागूनच असलेली नई तालीमची ‘आनंद निकेतन’ ही शाळा. वर्धा शहरातलं मगन संग्रहालय. मगनवाडीतली महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था. गोपुरीचं ग्रामसेवा मंडळ. धाम नदीच्या काठावर पवनारला ब्रह्मविद्या मंदिर आहे. तिथे वर्ग भरत नाहीत, पण कातणं तिथल्या दिनक्रमातच आहे. ही सगळी ठिकाणं एकमेकांपासून अर्ध्या तासाच्या अंतरावर आहेत. हातानं धागा करण्याचं शिक्षण इतक्या लहान टापूत इतक्या तऱ्हांनी मिळेल अशी दुसरी जागा महाराष्ट्रात मला माहीत नाही.

वर्ध्याचं खादीशी असलेलं नातं सांगताना आपण बहुधा पुढाऱ्यांपाशी थांबतो. गांधीजी 30 एप्रिल 1936 रोजी शेगावला राहायला आले, 1940 मध्ये त्या गावाचं नाव सेवाग्राम झालं, जमनालाल बजाजांनी जागा दिल्या, विनोबा 1921 पासूनच वर्ध्यात होते. हे सगळं खरं आहे. पण मला वर्ध्याचं मोठं काम वेगळंच वाटतं. कातणं जन्मानं किंवा घरातल्या सहवासानं येतं, असं आपल्याकडे धरून चाललेलं होतं. विणकाम कोष्टी आणि हलबा घरांत, पिंजणं पिंजाऱ्याकडे, कातणं घराघरांतल्या म्हाताऱ्यांकडे. या घरांबाहेरच्या माणसाला ते शिकवायचं कसं, याचा विचार वर्ध्यात झाला, आणि तो नुसत्या भाषणांतून नव्हे तर रोजच्या सरावातून झाला.

खुद्द गांधीजींनाही ते शिकावंच लागलं होतं. ‘हिंद स्वराज्य’ लिहिलं तेव्हा आपण चरखा पाहिलाही नव्हता, असं त्यांनी आत्मकथेत लिहून ठेवलं आहे. देशात परतल्यावर चरखा कुठे चालू आहे याचा शोध सुरू झाला, आणि गंगाबेन मजमुदार यांना तो बडोदा संस्थानातल्या विजापूरला सापडला. तिथल्या बायकांनी माळ्यावरचे चरखे खाली काढले. पेळू, म्हणजे कातण्यासाठी पिंजून वळलेला कापूस, मिळत राहिला आणि सूत विकत घेतलं गेलं तर कातू, एवढीच त्यांची अट होती. ज्या चरख्यावरून पुढे इतका इतिहास घडला, त्याचं शिक्षण या बायकांच्या हातांतून आलं आणि त्यांतल्या एकीचंही नाव आपल्याला ठाऊक नाही. साबरमतीला मगनलाल गांधींनी ते शिक्षण हाती घेतलं, त्याचं शास्त्र बांधलं. 1928 मध्ये ते गेले. दहा वर्षांनी, 30 डिसेंबर 1938 रोजी गांधीजींनी वर्ध्यात संग्रहालयाचं उद्घाटन केलं ते त्यांच्याच नावानं.

शिकवण्याच्या बाजूनं पाहिलं तर सगळ्यांत खोल काम विनोबांचं. वर्ध्याजवळच्या नालवाडीत असताना त्यांनी कातण्याच्या मजुरीवरच जगण्याचा प्रयोग केला. तासन् तास टकळी आणि चरखा चालवताना कुठे वेळ वाया जातो, डाव्या हातानंही कातता येईल का, कोणतं आसन घेतलं तर पाठ दुखत नाही, हे ते स्वतःच्या अंगावर तपासत होते. कातणाऱ्या बाईला दिवसाला काय सुटतं हे त्यांना हिशेबाच्या वहीवरून कळलेलं नव्हतं. 1935 मध्ये गांधीजींनी कातणाऱ्याला आठ तासांचे आठ आणे मिळाले पाहिजेत असा आग्रह धरला, तोही याच काळातला. खादीचं काम चालवणाऱ्या चरखा संघाला तेवढे देणं झेपलं नाही, पण मजुरी वाढली.

मग 22 आणि 23 ऑक्टोबर 1937 रोजी वर्ध्यात शिक्षण परिषद भरली आणि झाकिर हुसेन समिती नेमली गेली. समितीच्या आराखड्यात साडेपाच तासांच्या शाळेतले 3 तास 20 मिनिटं हस्तोद्योगाला दिलेली होती. कताई-विणाई हा त्यातला मुख्य उद्योग. मुलानं टकळी फिरवायची आणि त्याच कापसातून गणित, भूगोल, इतिहास, निसर्गविज्ञान शिकायचं. सेवाग्रामात आर्यनायकम आणि आशादेवी यांनी हिंदुस्तानी तालीमी संघातर्फे ही शाळा उभी केली. चरखा संघाचं खादी विद्यालयही तिथे चालत असे. ‘नई तालीम’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या योजनेवर टीका पुष्कळ झाली. मुलांकडून मजुरी करून घेता, असंही म्हटलं गेलं, आणि शाळेचा खर्च मुलांच्या सुतातून निघावा हा आग्रह मलाही पटत नाही. पण हाताला शिकवण्यासाठी सलग वेळ लागतो, हे त्या आराखड्याइतकं स्पष्ट नंतर कुणी मांडलं नाही.

आता प्रत्यक्ष शिकणं कसं असतं ते पाहू. सुरुवात चरख्यापासून होत नाही. चांगली शिक्षिका आधी हातात सरकीसकट कापूस देते. लहानशी पाटली आणि लोखंडी सळई. सळई दाबून पुढे लोटली की सरकी सटकन बाहेर पडते आणि रुई मागे राहते. मग तुणाई, म्हणजे बोटांनी तंतू ओढून ओढून एका दिशेला आणायचे. त्यानंतर पिंजणं आणि पेळू वळणं. यात पहिला दिवस जातो आणि धागा एक वीतही निघालेला नसतो. शहरातून आलेल्यांचा धीर इथे सुटतो. ज्यांच्या घरी चातुर्मासात वाती वळल्या जातात त्या बायका मात्र इथेच पुढे निघतात. कापसातून तंतू किती सोडायचा आणि किती धरायचा, हे त्यांच्या बोटांना आधीपासून ठाऊक असतं. ढेऱ्यावर अंबाडीची सुतळी वळलेल्या शेतकऱ्याचंही तसंच. पीळ म्हणजे काय, हे त्याला समजावावं लागत नाही.

खरी परीक्षा पेटीचरख्यावर. येरवड्याच्या तुरुंगात या चरख्याला आकार आला म्हणून त्याला येरवडा चरखाही म्हणतात. मोठं चाक, त्यावरून माळ लहान चाकाला, तिथून दुसरी माळ चातीला. उजव्या हातानं चाक फिरवायचं, डाव्या हातात पेळू. नवशिका पेळू आवळून धरतो आणि धागा तुटतो. मग घाबरून सैल सोडतो, तेव्हा पीळ सरळ पेळूत घुसतो आणि तिथे गाठ बसते. दोन्ही चुका दहा-वीस वेळा झाल्यावर शिक्षिका जवळ येऊन बसते. ती चाक स्वतःच्या ताब्यात घेते आणि शिकणाऱ्याला फक्त डावा हात मागे न्यायला सांगते. थोड्या वेळानं उलट: पेळू तिच्या हातात, चाक शिकणाऱ्याकडे. दोन हातांचं काम असं सुटं करून शिकवणं हे मला तिच्या विद्येचं सार वाटतं. चरखा चालवणारे पुष्कळ असतात, पण हे सुटं करणं सगळ्यांना जमत नाही.

ती असं का करते, याचं कारण तंतूच्या स्वभावात आहे. आपल्याकडच्या कापसाचा तंतू दोन-तीन सेंटिमीटर लांबीचा, लोकरीच्या मानानं फारच आखूड. पीळ बसला नाही तर तो घसरतो आणि जास्त बसला तर ओढला जात नाही. पीळ आधी बारीक जागी जातो. ती जागा घट्ट होते, जाड जागा सैल राहते, आणि त्याच क्षणी हात मागे नेला तर जाड भाग ओढला जाऊन बारीक होतो. म्हणजे धागा स्वतःच स्वतःला सारखा करत जातो, हाताला फक्त वेळ साधायची असते. ती वेळ डोळ्यांना दिसत नाही. बोटाखाली तंतू किंचित सुटल्यासारखा वाटतो, एवढीच खूण. ती एकदा कळली की माणूस बोलता बोलता कातू लागतो, पेळूकडे बघतही नाही.

कातलेल्या सुताचा हिशेब आश्रमी शिक्षणात फार काटेकोर. चार फुटांची एक तार, 160 तारांची एक लटी, चार लट्यांची एक गुंडी. जुन्या मापाची ही 640 तारांची गुंडी वीस नंबरची असेल तर वजन साधारण 23 ग्रॅम भरतं, दहा नंबरची त्याच्या दुप्पट. नंबर, समानता आणि कस या तिन्ही कसोट्या लावून सूत पाहिलं जाई. सातवीतल्या मुलाला व्यस्त प्रमाण शिकवायला याहून चांगलं साधन मला सुचत नाही: सूत जितकं बारीक, तितका नंबर मोठा आणि गुंडी हलकी. 2005 मध्ये सेवाग्रामात ‘आनंद निकेतन’ सुरू झालं आणि ही रीत पुन्हा शाळेत आली. शेती, स्वयंपाक, कताई, शिवण ही कामं तिथे अभ्यासाच्या बाहेरची मानली जात नाहीत.

अंबर चरख्याबद्दल मात्र मनात दुहेरी भाव आहे. तमिळनाडूच्या एकांबरनाथांनी तो घडवला आणि 1950 च्या दशकात तो देशभर गेला. त्यात तंतू ओढण्याचं काम रुळांच्या जोड्या करतात, दोन-चार चात्या एकदम चालतात, पुढे सहा-आठ चात्यांचेही चरखे आले. आज बाजारात येणाऱ्या खादीचं सूत मुख्यतः असल्याच चरख्यांवर निघतं. मगनवाडीच्या संस्थेनं सौर ऊर्जेवर चालणाऱ्या चरख्यावरही काम केलं आहे. पोटासाठी कातणाऱ्या बाईच्या पदरात यानं चार पैसे अधिक पडतात आणि तिच्या बाजूनं पाहिलं तर याला नाव ठेवायची सोय नाही. पण शिकण्याच्या बाजूनं पाहिलं तर डाव्या हाताची सगळी विद्या रुळांकडे गेली. बाईच्या वाट्याला राहतं ते तुटलेला धागा जोडणं आणि हँडल फिरवणं. म्हणून शिकायला येणाऱ्यानं आधी टकळी, मग पेटीचरखा आणि शेवटी अंबर असाच क्रम धरावा. उलट क्रमानं गेलेल्याला तंतूची ओळख होतच नाही.

रंगाईकडे अलीकडे तरुणांचा ओढा जास्त आहे, आणि ते साहजिक आहे. तासाभरात कापड पालटलेलं दिसतं. मगन संग्रहालयानं सेंद्रिय कापसाची आणि वनस्पतींच्या रंगांची खादी हे आपलं काम म्हणून वाढवलं. त्यातलं मर्म आधीच्या तयारीत आहे. सुती तंतू रंग सहज धरत नाही, म्हणून कापड आधी हिरड्याच्या पाण्यात बुडवायचं, मग तुरटीच्या. हिरड्यातलं तुरट द्रव्य तुरटीला धरून ठेवतं आणि तुरटी रंगाला. त्यावर मंजिष्ठा टाकली तर लाल, डाळिंबाची साल टाकली तर पिवळट. त्याच हिरड्याच्या कापडाला गंजक्या लोखंडाचं पाणी लागलं की ते काळंभोर होतं. निळीची तऱ्हा वेगळी. कापड कुंडातून हिरवट बाहेर येतं आणि हवा लागल्यावर निळं होत जातं. हे पहिल्यांदा पाहणाऱ्याचा चेहरा मी कधी कोरा पाहिलेला नाही. पण रंगाईवरच थांबणाऱ्यांना मी नेहमी सांगतो, की रंगवलेलं कापड कुणीतरी कातलं होतं, तिकडे एकदा जाऊन या.

विणाईचा आढावा लवकर आटपावा लागतो, कारण थोड्या दिवसांत ती शिकवताच येत नाही. ताणा लावणं, खळ देणं, फणीतून एकेक धागा ओवणं, कांड्या भरणं, यातच आठवडा जातो. धोटा फेकायची पाळी त्यानंतर. गोपुरीला कापसापासून कापडापर्यंतची कामं एकाच आवारात पाहायला मिळतात आणि तेवढ्यासाठीही तिथे जाणं सार्थकी लागतं.

माझी खरी तक्रार वेळेबद्दल आहे. अलीकडे ठिकठिकाणी एका दिवसाची, कधी दोन तासांची शिबिरं होतात. टकळी हातात, फोटो, प्रमाणपत्र, चहा. यातून कुतूहल जागं होतं हे मान्य. पण एवढ्यानं कातणं येत नाही, आणि येत नाही हे शिबिर घेणाऱ्यांनी स्पष्ट सांगत जावं. दुसरी गोष्ट शिकवणाऱ्या बाईची. वीस-तीस वर्षं चरख्यावर काढलेल्या बाईला शिबिरात ‘सहायक’ म्हणून बसवतात, भाषण दुसराच करतो आणि मानधनही त्याचंच मोठं. ती कातते तेव्हा तिला गुंडीमागे मजुरी मिळते. ती शिकवते तो दिवस मात्र सूत निघत नाही म्हणून मजुरीचाच बुडतो. हस्तोद्योगाच्या शिक्षिकेला शाळेतल्या शिक्षिकेइतका पगार का नसावा, याचं उत्तर मला आजवर मिळालेलं नाही. विजापूरच्या बायकांची नावं राहिली नाहीत. वर्ध्याच्या बायकांची तरी शिबिराच्या पत्रिकेवर, सगळ्यांत वर छापायला काय हरकत आहे?

आणि कापूस. हा जिल्हा कापसाचा. एकोणिसाव्या शतकात हिंगणघाटची बनी परदेशच्या बाजारात नावाजलेली होती. आता शिवारात बहुतेक बीटी संकरित वाण आहेत, 2002 नंतर ते झपाट्यानं पसरले. त्यांचा तंतू लांब, गिरणीच्या सोयीचा. देशी कापूस हातकताईला चांगला, कोरडवाहू जमिनीत तगणारा, पण त्याचं बी शोधावं लागतं आणि बाजारात त्याला वेगळा भाव मिळेलच असं नाही. ज्या संस्था शेतकऱ्याकडून असा कापूस ठरवून घेतात त्यांचंच कातणं मुळापासून उभं आहे. बाकीच्यांचे पेळू बाहेरून येतात, आणि तयार पेळूवर शिकलेल्याला अर्धी विद्या मिळालेली असते.

शिकायला यायचं तर दिवाळीनंतर यावं. दसऱ्यापासून पहिली वेचणी सुरू झालेली असते, शेतात वेचणीच्या वेळची सीतादहीची पूजा झालेली असते, घराघरात पांढऱ्या कापसाचे ढीग लागलेले असतात. येताना आठवडा तरी मोकळा ठेवावा. वाटेत एखाद्या ओळखीच्या शेतकऱ्याकडून ओंजळभर कापूस मागून घ्यावा, सरकीसकट. तो शिक्षिकेपुढे ठेवला की ती आधी एक बोंड उचलून तंतू दोन बोटांत ओढून पाहते आणि मगच विचारते, कुठून आलात.