दुकानातील ई-मेल अडला तर काय करावे?

आम्ही कापडाचा धंदा करणारे लोक. इचलकरंजी, भिवंडी, मालेगाव, सुरत या पेठांचा माल जतच्या बाजारात उतरण्याआधी त्याचे बिल, दराचा तक्ता आणि डिझाईनचे फोटो अनेकदा ई-मेलने येतात. १ जुलै २०१७ पासून जीएसटी लागू झाला, तेव्हापासून कागद वेळेवर हाती असणे अधिकच जरुरीचे झाले आहे. ऐन लग्नसराईत मेलचा प्रोग्राम अडून बसला आणि सांगली किंवा विजापूरहून माणूस बोलवायचा म्हटले, तर दिवस मोडतो. म्हणून काही साध्या तपासण्या व्यापारी बंधूंनी स्वतःच करून पाहाव्यात.

रोग कोठे आहे? प्रथम तेच खाते इंटरनेटच्या ब्राउझरमध्ये उघडून पाहावे. तेथे मेल दिसत असेल तर पत्रे सुरक्षित आहेत, दोष दुकानातील प्रोग्रामचा आहे. तेथेही नवे काही येत नसेल तर जागा भरली आहे का ते पाहावे. जीमेलची फुकट जागा १५ जीबी असते आणि मोबाईलचे फोटोही त्यातच मोजले जातात. जागा संपली की नवीन मेल आत येत नाही.

तारीख पाहा. जुन्या काँप्युटरमधील बटणासारखा छोटा सेल उतरला की मशीन बंद-चालू केल्यावर तारीख काही वर्षे मागे जाते. तारीख चुकीची असली की सुरक्षित जोडणी होत नाही आणि प्रोग्राम भलत्याच तक्रारी करू लागतो. ‘सीआर २०३२’ नावाचा हा सेल फार स्वस्त असतो.

पासवर्ड बरोबर, तरी नकार. ३० मे २०२२ पासून गूगलने नुसत्या नाव-पासवर्डवर चालणारे जुने प्रोग्राम बंद करण्यास सुरुवात केली. मायक्रोसॉफ्टनेही आपल्या घरगुती खात्यांसाठी १६ सप्टेंबर २०२४ पासून तसेच केले. अशा वेळी तोच पासवर्ड दहादा मारण्यात अर्थ नाही. नवीन आवृत्ती घ्यावी, किंवा जीमेलवर दुहेरी पडताळणी चालू करून त्या प्रोग्रामपुरता १६ अक्षरांचा वेगळा पासवर्ड काढावा. विंडोजसोबत येणारा ‘मेल’ हा प्रोग्राम तर ३१ डिसेंबर २०२४ ला बंदच झाला. तो दुरुस्त करण्यात वेळ घालवू नये.

मेल आऊटबॉक्समध्येच पडून राहतो. जीमेलची मर्यादा २५ एमबी आहे. पाठवताना फाईलचे वजन सुमारे एक तृतीयांशाने वाढते. म्हणजे २० एमबीचे साड्यांचे फोटोही अडकतात. मोठा मेल काढून टाकावा, मागे खोळंबलेले आपोआप सुटतात. फोटो दोन-तीन हप्त्यांत पाठवावेत.

मेल मोबाईलवर नाही, दुकानात आहे. याला बहुधा ‘पॉप’ पद्धत कारण असते. ही पद्धत पत्र सर्व्हरवरून उचलून दुकानातील काँप्युटरमध्ये आणते आणि तेथील प्रत काढून टाकू शकते. काँप्युटर जळाला तर पत्रेही गेली. सेटिंगमध्ये प्रत सर्व्हरवर ठेवण्याची खूण करावी, किंवा ‘आयमॅप’ पद्धतीने खाते जोडावे.

प्रोग्राम उघडतच नाही. आऊटलूकमध्ये पत्रांची एक मोठी फाईल असते. २००३ च्या आधीच्या आवृत्तींत तिला २ जीबीची मर्यादा होती, २०१० पासून ५० जीबी आहे. चालू कामात लाईट गेली तरी ती फाईल बिघडते. आधी तिची पेन ड्राईव्हवर नक्कल काढावी, मगच आऊटलूकसोबत येणारा ‘स्कॅनपीएसटी’ हा दुरुस्तीचा प्रोग्राम चालवावा. हा क्रम उलटा करू नये. काँप्युटरला यूपीएस असणे उत्तम.

सर्वांत धोक्याची खूण. एखाद्याच गिरणीचे किंवा अडत्याचे मेल दिसेनासे झाले, तर त्याला केवळ बिघाड समजू नये. पासवर्ड चोरणारे लोक खात्यात शिरून गुपचूप ‘नियम’ लावून ठेवतात. त्या पार्टीचा मेल परस्पर दुसऱ्या फोल्डरमध्ये जातो किंवा चोराकडे वळवला जातो. मग त्याच पार्टीच्या नावाने ‘आमचे बँक खाते बदलले आहे’ असा मेल येतो आणि रक्कम तिसऱ्याच्या खात्यात जाते. म्हणून नियम आणि फॉरवर्डिंग ही दोन्ही ठिकाणे ब्राउझरमधून महिन्यातून एकदा पाहावीत. अनोळखी नियम सापडल्यास तो काढून पासवर्ड ताबडतोब बदलावा.

खाते क्रमांक बदलल्याचा मेल आला की त्या मेलमधील नंबरावर नव्हे, आपल्या जुन्या वहीतील नंबरावर फोन करून खात्री करावी. पैसे गेलेच असतील तर वेळ न दवडता १९३० या सरकारी क्रमांकावर तक्रार नोंदवावी आणि आपल्या बँकेलाही कळवावे. तक्रार जितकी लवकर, तितकी रक्कम वाटेत अडवण्याची शक्यता अधिक. प्रोग्रामचा बिघाड उद्या दुरुस्त होईल; पार्टीला द्यायची रक्कम एकदा दुसरीकडे गेली की तेच बिल दोनदा भरावे लागते, हे ध्यानात असू द्यावे.