सॅन अँटोनिओचें मेक्सिकन जेवण : कोठें जेवावें व काय ओळखावें

परगांवीं गेलेला मनुष्य पहिल्या दिवशीं जो प्रश्न विचारतो, तो बहुधा देवळाचा किंवा राजवाड्याचा नसतो. "येथें चांगलें जेवण कोठें मिळतें?" हाच तो प्रश्न. अमेरिकेच्या टेक्सस राज्यांत सॅन अँटोनिओ म्हणून मोठें शहर आहे. तेथें माझी मुलगी राहते. तिच्याकडे तीन महिने राहण्याचा योग आला, तेव्हां मींही हाच प्रश्न केला. उत्तर शोधतांना इतिहासाचा एक धडा शिकावयास मिळाला, आणि स्वतःची एक चूकही पदरांत घ्यावी लागली. मी पाककलेचा पंडित नव्हें. मॅट्रिकपर्यंत शिकलेला आणि पस्तीस वर्षें मराठी शाळेंत मुलें शिकविलेला मास्तर आहें. म्हणून मास्तराच्या पद्धतीनेंच, आधीं व्याख्या व मग उदाहरणें, अशा क्रमानें हा विषय आपणांपुढें मांडतों.

प्रथम थोडा इतिहास. हें शहर १७१८ सालीं स्पॅनिश लोकांनीं वसविलें. १८२१ सालीं मेक्सिको स्पेनपासून स्वतंत्र झाला, तेव्हां तें मेक्सिकोचें झालें. १८३६ सालीं टेक्सस मेक्सिकोपासून फुटून निराळें राष्ट्र बनलें. १८४५ सालीं तें अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत सामील झालें. आणि १८४८ च्या तहानें रिओ ग्रांद नदी ही दोन देशांमधील सीमा ठरली. आतां हिशेब करून पाहा. १८१५ सालीं ह्या गांवीं जन्मलेल्या एखाद्या मुलीनें आपली चूल एक वीतही न हलवितां वयाच्या तिसाव्या वर्षापर्यंत चार राज्यें पाहिलीं. राज्यें बदललीं, निशाणें बदललीं; पण चुलीवरचें रांधणें चालूच राहिलें. ज्याला आज 'टेक्स-मेक्स' म्हणतात तें अन्न ह्या चुलीवरचें आहे. नांव मात्र पुढचें. टेक्सस-मेक्सिकन नांवाच्या रेल्वे कंपनीस १८७५ सालीं सनद मिळाली. तिचें तें संक्षिप्त नांव होतें. तेंच पुढें माणसांस व शेवटीं त्यांच्या जेवणास चिकटलें.

मग टेक्स-मेक्स आणि मेक्सिकन ह्यांत भेद कोणता? मेक्सिको हा कांहीं एका चवीचा देश नव्हे. प्वेब्ला व ओआहाका ह्या प्रांतांत 'मोले' नांवाचा दाट रस्सा करतात. त्यांत वाळलेल्या मिरच्या, तीळ, सुकामेवा आणि कांहीं प्रकारांत कोकोही वाटून घालतात. युकातानमध्यें डुकराचें मांस आंबट नारिंगाच्या रसांत मुरवून, केळीच्या पानांत गुंडाळून, जमिनींतील खड्ड्यांत भाजतात. उत्तरेकडे मात्र कोरडीं माळरानें. तेथें गाईगुरांचे कळप आणि गव्हाचीं शेतें. म्हणून तेथें गोमांस फार आणि मक्याच्या बरोबरीनें गव्हाची टॉर्टिया, म्हणजे पातळ पोळी. टेक्सस हा ह्या उत्तरेचा सख्खा शेजारी. तेथील मेक्सिकन कुटुंबांनीं आपल्या उत्तरेकडील स्वयंपाकांत टेक्ससच्या बाजारांत मिळणारे जिन्नस घेतले, आणि एक निराळा घरगुती प्रकार तयार झाला.

तो ओळखण्याच्या खुणा सोप्या आहेत. टेक्स-मेक्स पानावर पिवळें वितळलेलें चीज असतें, तपकिरी रंगाचा दाट मिरची-रस्सा असतो, आणि आपल्या नाकास चटकन् ओळखूं येईल असा जिऱ्याचा वास असतो. १७३१ सालीं कॅनरी बेटांतून कांहीं कुटुंबें येथें वस्तीस आलीं. जिऱ्याची आवड त्यांनीं आणली असें पुष्कळजण सांगतात. दक्षिण मेक्सिकोच्या धर्तीच्या पानावर जिरें बेतानेंच असतें, चीज पांढरें व भुसभुशीत असतें, आणि टॉर्टिया मक्याची असते.

ह्या मक्याच्या टॉर्टियाविषयीं दोन शब्द अधिक बोललें पाहिजे. आपल्याकडे मक्याची भाकरी पिठाची करतात. मेक्सिकोंत मात्र अख्खा दाणा चुन्याच्या पाण्यांत शिजवून रात्रभर भिजत ठेवितात, सकाळीं चोळून त्याचीं सालें काढितात, आणि मग पाट्यावर वाटून त्याचा गोळा करितात. त्या गोळ्यास 'मासा' म्हणतात. ही केवळ चवीची हौस नव्हे. चुन्यामुळें मक्यांतील एक जीवनसत्त्व शरीरास लागूं पडतें. युरोपांत व अमेरिकेच्या दक्षिण भागांत लोकांनीं मका घेतला, पण चुन्याची कृति घेतली नाहीं; तेव्हां मक्यावरच पोट भरणाऱ्या गरिबांस पेलाग्रा नांवाच्या भयंकर रोगानें गांठलें. निरक्षर आजीबाईंच्या हातांत जें शास्त्र होतें, तें विद्वानांस उमजावयास विसावें शतक उजाडावें लागलें.

आतां शहरांत शिरूं. सॅन अँटोनिओचें नांव प्रथम दूरवर गाजलें तें उपाहारगृहांमुळें नव्हे, तर उघड्या चौकांत बसणाऱ्या बायकांमुळें. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रोज संध्याकाळीं ह्या मेक्सिकन बायका चौकांत लांब मेजें मांडीत, कंदील लावीत, आणि लांकडाच्या जाळावर हंडे चढवून 'चिली कॉन कार्ने', म्हणजे मिरचीच्या रश्शांतलें मांस, वाढीत. लोक त्यांना 'चिलीच्या राण्या' म्हणत. मजूर, शिपाई, व्यापारी, प्रवासी, सारे एकाच बांकावर बसून जेवीत. १८९३ सालच्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनांतही सॅन अँटोनिओच्या चिलीचें एक दुकान होतें. त्याच दशकांत विल्यम गेबहार्ट नांवाच्या जर्मन गृहस्थानें मिरचीची तयार पूड बाटल्यांतून विकण्यास आरंभ केला, आणि ह्या चवीचा व्यापार देशभर पसरला. राण्यांची कथा मात्र निराळी झाली. नगराच्या सुधारणेबरोबर त्यांना एका चौकांतून दुसऱ्या चौकांत हलविण्यांत आलें, आणि १९३० नंतरच्या दशकांत स्वच्छतेच्या नियमांपुढें त्यांचीं मेजें एकामागून एक उठलीं. १९७७ सालीं चिली हा टेक्सस राज्याचा अधिकृत पदार्थ ठरला. ज्यांनीं तो नांवारूपास आणला, त्या बायकांचीं नांवें बहुतेक कोणास ठाऊक नाहींत.

तेव्हां माझी पहिली शिफारस अशी कीं, ह्या शहरांतलें पहिलें जेवण जुन्या बाजारचौकांत करावें. तेथें 'मी तिएरा' नांवाचें उपाहारगृह आहे. नांवाचा अर्थ 'माझी भूमी'. १९४१ सालीं कोर्तेस दांपत्यानें तीन मेजांवर तें सुरू केलें. पहांटे बाजारास येणारे शेतकरी व हमाल हें त्याचें पहिलें गिऱ्हाईक. आज तें विस्तीर्ण झालें आहे. दारांतच गोड पावांच्या कांचेच्या कपाटांची रांग लागते, छतास रंगीत कागदी पताका टांगलेल्या असतात, आणि गवई मेजामेजांवरून गात हिंडतात. येथें एन्चिलाडा मागवावा. मक्याची टॉर्टिया, पोटांत चीज व कांदा, वर तो तपकिरी रस्सा, बाजूस घोटलेल्या घेवड्याचा गोळा व तांबूस भात : टेक्स-मेक्सची बाराखडी ह्या एका ताटांत वाचावयास मिळते.

येथेंच माझ्या हातून ती चूक झाली. मुलीच्या शेजारच्या एक वृद्ध बाई आमच्याबरोबर जेवावयास आल्या होत्या. त्यांचें घराणें पिढ्यान् पिढ्या ह्याच गांवचें. मीं येण्यापूर्वीं चार पुस्तकें चाळलीं होतीं, आणि त्यांतली विद्वत्ता मिरविण्याचा मोह मला आवरला नाहीं. मी म्हणालों, "हें सगळें चविष्ट आहे खरें, पण हें कांहीं अस्सल मेक्सिकन नव्हे." मुलीनें तें भाषांतर करूं नये अशी आतां माझी इच्छा आहे; पण तिनें केलें. बाई रागावल्या नाहींत. हातांतला घांस खालीं ठेवून त्यांनीं एवढेंच विचारलें, "मग माझ्या आईनें आम्हां भावंडांना जन्मभर खोटें जेवण वाढलें काय?"

त्या प्रश्नास माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. त्यानंतरचीं पुढचीं सारीं ठिकाणें मीं त्या बाईंच्याच सल्ल्यानें पाहिलीं.

त्यांनीं मला प्रथम शहराच्या पश्चिम भागांत पाठविलें. मेक्सिकन वंशाच्या कामकरी लोकांची ही जुनी वस्ती. येथें १९५६ साली उघडलेलें 'रेज ड्राइव्ह इन' आहे, आणि तेथला 'पफी टाको' हें ह्या शहराचें खास लेणें आहे. मासाची कच्ची चकती कढत तेलांत सोडतात. ती आपल्या पुरीसारखी टम्म फुगते. मग तिला मध्यें दाबून खोलगट करतात, आणि त्यांत मांस, कोशिंबिरीचा पाला व टोमॅटो भरतात. ती लगेच खावी. थांबल्यास पुरीप्रमाणेंच मऊ पडते.

सकाळची न्याहारी कोठें करावी? ह्याला एका दुकानाचें नांव सांगण्यांत अर्थ नाहीं. गल्लोगल्लीं लहान दुकानें आहेत. मुलीच्या घराजवळचें सोडून लांबचें धुंडाळूं नका, असें बाईंनीं बजावलें. खूण एकच : टॉर्टिया तेथें हातानें लाटली जाते कीं नाहीं. गव्हाच्या ऊनऊन टॉर्टियांत बटाटा व अंडें, किंवा घोटलेला घेवडा व चीज, एवढाच तो टाको असतो. तो खातांना मला परकें कांहींच वाटलें नाहीं, आणि त्याचें कारणही आहे. मिरची, बटाटा, टोमॅटो, मका हे सारे अमेरिका खंडाचे. पोर्तुगीजांच्या गलबतांबरोबर ते आपल्या किनाऱ्यास लागले, आणि आज मिरचीवांचून आपलें पान वाढतां येत नाहीं.

नदीकांठीं बसून जेवण्याची हौस असल्यास 'कासा रिओ' पाहावें. १९४६ सालीं नदीच्या बाजूस दार उघडणारें तें पहिलें उपाहारगृह. रंगीत छत्र्यांखालीं बसून होड्या पाहाव्या, आणि एकाच ताटांत चार पदार्थ येतात तें मिश्र ताट मागवावें.

आणि मेक्सिकोच्या दूरच्या प्रांतांची ओळख हवी असेल, तर 'मिश्तली' हें नांव टिपून ठेवा. मेक्सिकोच्या जुन्या नावात्ल भाषेंत ह्या शब्दाचा अर्थ 'मेघ' असा होतो. डिएगो गालिसिया व रिको तोरेस ह्या दोघांनीं तें २०१३ सालीं रेल्वेच्या एका जुन्या डब्यांत सुरू केलें, व पुढें मोठ्या जागेंत नेलें. येथें पदार्थ आपण निवडावयाचे नसतात. मेक्सिकोचा एखादा प्रांत किंवा काळ घेऊन त्यावर सारें ताट रचलेलें असतें, व तें वर्षांतून अनेकदां बदलतें. २०२४ सालीं त्यास मिशेलिन मार्गदर्शिकेचा तारा मिळाला. खर्च मोठा आहे आणि जागा आधीं राखून ठेवावी लागते. पण मेक्सिको हा एक देश नसून अनेक स्वयंपाकघरें आहेत, हें तेथें जिभेस पटतें.

शाकाहारी श्रोत्यांसाठीं एक सूचना. घेवडा निरुपद्रवी दिसतो, पण तो पुष्कळदां डुकराच्या चरबींत परततात. भात कोंबडीच्या पाण्यांत शिजवितात. तामालेच्या पिठांतही चरबी असते. म्हणून 'सिन कार्ने', म्हणजे मांसावांचून, एवढेंच म्हणून भागत नाहीं. 'सिन मांतेका', म्हणजे चरबीवांचून, असेंही म्हणावें. लोक सौजन्यशील आहेत. विचारल्यास खरें तें सांगतात.

२०१७ सालीं युनेस्कोनें सॅन अँटोनिओस पाककलेचें सर्जनशील नगर म्हणून मान दिला. त्याच्या सात वर्षें आधीं मेक्सिकोच्या परंपरागत पाककलेसही त्याच संस्थेनें मानवजातीचा वारसा ठरविलें होतें. दोन्ही मान योग्यच आहेत, आणि एकानें दुसरा खोटा ठरत नाहीं.

शेवटीं त्या बाईंच्या प्रश्नाकडे वळतों. परत आल्यावर तो मला विमानांत नाहीं, घरीं जुन्या वह्या आवरतांना पुन्हां आठवला. पस्तीस वर्षें मीं मुलांच्या निबंधांतील त्यांच्या घरचे शब्द तांबड्या शाईनें खोडले व समासांत 'अशुद्ध' असें लिहिलें. पुस्तकी मराठी त्यांना यावयास हवीच होती, तें शिकविणें माझें काम होतें. परंतु त्यांतल्या एकाही मुलास मीं असें सांगितलें नाहीं कीं, बाळ, तुझ्या आईचा शब्द खोटा नाहीं, तो निराळा आहे. एवढें एक वाक्य सांगावयाचें राहिलें.

म्हणून, श्रोतेहो, सॅन अँटोनिओस जाल तेव्हां दोन्ही प्रकारच्या पंक्तींस बसा. टेक्स-मेक्सच्या मेजावर मोले मागूं नका, आणि मोलेच्या मेजावर पिवळें चीज मागूं नका. जें पान पुढें येईल तें कोणाच्या चुलीवरून आलें एवढें विचारा. अस्सल कीं नकली, हें विचारूं नका.