छातीचा भाता : बरगड्यांविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

शाळेच्या प्रयोगशाळेत टांगलेला सांगाडा पाहिला की ‘छातीचा पिंजरा’ हा शब्द चपखल वाटतो. कडक, कोरडा, जागच्या जागी. जिवंत माणसाची छाती मात्र मिनिटाला १२ ते १६ वेळा, म्हणजे दिवसाकाठी वीस हजारांच्या आसपास, फुलते आणि बसते. तिला पिंजऱ्यापेक्षा लोहाराचा भाता म्हणणे अधिक खरे. हे ध्यानात नसल्यामुळेच आपण दुखऱ्या बरगडीला करकचून पट्टा बांधतो, कोसळलेल्या माणसाच्या छातीवर जोर द्यायला कचरतो आणि नागिणीच्या फोडांचे वेटोळे मोजत बसतो.

गैरसमज १ : पुरुषाला बाईपेक्षा एक बरगडी कमी असते.

वस्तुस्थिती : दोघांनाही बारा जोड्या, म्हणजे २४ बरगड्या असतात. आदमच्या बरगडीपासून स्त्री घडली, या बायबलातल्या कथेवरून युरोपात हा समज रुजला. पादुआ विद्यापीठात शिकवणाऱ्या वेसालियसने प्रेतांचे विच्छेदन केले आणि १५४३ साली छापलेल्या ग्रंथात बरगड्यांची संख्या सारखीच असल्याचे नोंदवले.

वरच्या सात जोड्या आपापल्या कूर्चेने थेट उरोस्थीला, म्हणजे छातीच्या मधल्या हाडाला जोडलेल्या असतात. आठवी, नववी आणि दहावी वरच्या कूर्चेच्या आधाराने पुढे येतात. अकरावी आणि बारावी पुढून मोकळ्याच. शंभरात फार तर एखाद्याला मानेच्या तळाशी जादा बरगडी असते, पण ती स्त्री-पुरुष दोघांतही आढळते.

गैरसमज २ : बरगड्या जखडलेल्या असतात, श्वास फुप्फुसे घेतात.

वस्तुस्थिती : फुप्फुसांना स्वतःहून फुगता येत नाही. बरगड्या आणि श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोटामधला स्नायूचा पडदा, छातीची जागा वाढवतात, तेव्हा हवा आत येते. शांत श्वासात बहुतेक काम श्वासपटलाचे असते.

एक तळवा छातीच्या मधोमध ठेवा आणि खोल श्वास घ्या. हाड पुढे आणि वर सरकते, हापशाचा दांडा उचलावा तसे. आता दोन्ही तळवे खालच्या बरगड्यांवर, कुशीला ठेवा. इथे बरगड्या बाहेरच्या अंगाला फाकतात. बादलीची पडलेली कडी वर उचलली की ती कडेपासून दूर जाते, अगदी तशा. ही लवचीकता कूर्चा आणि पाठीमागच्या सांध्यांमुळे येते.

महाराष्ट्रात पोलीस भरतीला पुरुष उमेदवाराची छाती न फुगवता ७९ सेंटिमीटर लागते आणि फुगवल्यावर त्यात किमान ५ सेंटिमीटरची भर पडावी लागते. ही भर निव्वळ फुप्फुसांच्या आकाराने ठरत नाही. मणका आणि बरगड्यांचे सांधे आखडणाऱ्या संधिवातात फुप्फुसे निरोगी असूनही छाती नीट फुगत नाही.

गैरसमज ३ : हृदय डावीकडे असते, म्हणून सीपीआर (थांबलेल्या हृदयासाठी छातीवर दिला जाणारा दाब) डाव्या छातीवर द्यायचा, आणि बरगडी मोडली तर थांबायचे.

वस्तुस्थिती : हृदय उरोस्थीच्या मागे, मध्यभागी असते. त्याचे टोक डावीकडे झुकलेले असते आणि ठोका तिथे जाणवतो, म्हणून ते डावीकडे वाटते. सीपीआरचा दाब उरोस्थीच्या खालच्या अर्ध्या भागावरच द्यायचा, कारण हृदय ते हाड आणि पाठीचा कणा यांच्यामध्ये दाबले जायला हवे. मोठ्या माणसाची छाती प्रत्येक वेळी ५ ते ६ सेंटिमीटर आत जावी, मिनिटाला १०० ते १२० दाब, आणि दर दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. या जोराने बरगडी मोडू शकते. हाताखाली ‘कट्’ असा आवाज येतो आणि अनेकांचे हात तिथेच थांबतात. थांबू नका. बरगडी सांधते, थांबलेले हृदय वाट पाहत नाही.

गैरसमज ४ : मोडलेल्या बरगडीला घट्ट पट्टा बांधावा.

वस्तुस्थिती : पूर्वी तसे करत, आता टाळतात. आवळलेल्या छातीने श्वास उथळ होतो, खोकून कफ पडत नाही आणि न्यूमोनियाचा धोका वाढतो. म्हणून डॉक्टर वेदनाशामक देतात आणि खोल श्वास घ्यायला लावतात. खोकताना उशी छातीशी कवटाळली की कळ कमी येते. हाड साधारण सहा आठवड्यांत जुळते. साध्या एक्स-रेत बारीक मोड सुटूही शकते.

खालच्या बरगड्यांना मार लागला असेल तर अधिक जपायला हवे. उजवीकडे त्यांच्या आड यकृत असते, डावीकडे प्लीहा. मार लागल्यावर पोट दुखू लागले किंवा चक्कर आली तर तडक रुग्णालयात न्यावे.

गैरसमज ५ : नागिणीचे तोंड आणि शेपूट जुळले की माणूस दगावतो.

वस्तुस्थिती : नागीण हा कांजिण्यांच्याच विषाणूचा आजार. कांजिण्या बऱ्या झाल्यावर हा विषाणू मणक्याजवळच्या मज्जातंतूंच्या गाठीत दडून राहतो आणि प्रतिकारशक्ती घटली की पुन्हा डोके वर काढतो. छातीवरचा मज्जातंतू बरगडीच्या खालच्या कडेच्या खोबणीतून पाठीकडून पुढे येतो आणि मध्यरेषेपाशी संपतो. फोडांचा पट्टा त्याच वाटेने उमटतो, म्हणून तो बहुधा छातीच्या एकाच बाजूला राहतो. क्वचित दोन्ही बाजूंना आलाच, तरी वेटोळे पुरे झाल्याने कोणी मरत नाही. खरे नुकसान गेरूचा लेप लावत दिवस घालवण्यात आहे. विषाणूरोधक गोळ्या फोड उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाल्या तर जास्त गुण येतो. विशेषतः वयस्करांना फोड सुकल्यावरही महिनोन्‌महिने आग होत राहू शकते.

गैरसमज ६ : छातीच्या खळगीत टोचणारे हाड म्हणजे गाठ.

वस्तुस्थिती : ते उरोस्थीचे शेवटचे टोक. वजन उतरले की ते हाताला लागू लागते. वाढत जाणारी गाठ मात्र दाखवावीच.

गैरसमज ७ : दाबल्यावर दुखते, म्हणजे उसण भरली, हृदयाचे काही नाही.

वस्तुस्थिती : बरगडी आणि कूर्चेच्या जोडावर सूज आली की दाबल्यावर दुखते, आणि ते बहुतेकदा साधे असते. पण ज्याच्या बरगड्या दुखतात त्याला हृदयविकाराचा झटका येत नाही, असे नाही. छातीवर ओझे ठेवल्यासारखे वाटणे, कळ हातात किंवा जबड्यात जाणे, दरदरून घाम, धाप यांपैकी काही असेल तर तेल चोळत बसू नका. १०८ला फोन करा आणि ईसीजी काढून घ्या. उसण निघाली तर आनंदाने घरी परत या.