गच्चीवरची दुर्बीण अन् तुटणारे वाय-फाय

पुणे - ज्योतिर्विद्या परिसंस्थेच्या १९४४ मधील स्थापनेपासून पुण्यात हौशी आकाशनिरीक्षणाची परंपरा रुजली आहे. अलीकडे त्यात दुर्बिणीला कॅमेरा जोडून तेजोमेघ व दीर्घिका टिपणाऱ्यांची भर पडली आहे. मात्र पावसाळा आणि चांदण्या रात्री वगळल्या, तर छायाचित्रणास योग्य रात्री वर्षाकाठी मोजक्याच उरतात. अशा वेळी मध्यरात्री वाय-फायचा संपर्क तुटला, तर सारी रात्र वाया जाते.

पृथ्वीच्या परिवलनामुळे आकाश दर मिनिटाला पाव अंश सरकल्यासारखे भासते. दुर्बिणीखालची मोटार ही गती भरून काढते. उरलेली सूक्ष्म चूक दुसरा छोटा कॅमेरा हेरतो आणि दर काही सेकंदांनी मोटारीला दुरुस्तीच्या सूचना मिळतात. या सूचना घरातील लॅपटॉपकडून वाय-फायवरून येत असतील, तर संपर्कातील क्षणभराच्या खंडानेही तारे बिंदूंऐवजी रेघा होऊन उमटतात.

संपर्क का तुटतो?

गच्ची आणि घर यांच्यामध्ये लोखंडी सळयांचा काँक्रीटचा स्लॅब असतो. पाणीही या लहरी शोषून घेते. त्यामुळे राउटर आणि दुर्बीण यांच्या मध्ये पाण्याची टाकी आल्यास अडथळा वाढतो. दाट वस्तीत शेजाऱ्यांचे अनेक राउटर २.४ गिगाहर्ट्झच्या एकाच पट्ट्यात गर्दी करतात. आणखी एक कारण सहसा लक्षात येत नाही. कॅमेऱ्याच्या यूएसबी ३ केबलमधून याच पट्ट्यात विद्युत गोंगाट बाहेर पडतो. कॅमेरा सुरू होताच वाय-फाय मंदावत असेल, तर पहिला संशय या केबलवर घ्यावा.

उपाय कोणते?

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे छायाचित्रणाचे काम वाय-फायवर सोपवू नये. दुर्बिणीशेजारीच छोटा संगणक ठेवून कॅमेरे व मोटार त्याला तारेने जोडावीत. खालचा लॅपटॉप केवळ देखरेखीसाठी वापरावा. मग संपर्क तुटला तरी काम सुरू राहते. छायाचित्रेही त्याच संगणकावर साठवावीत. २६ मेगापिक्सेल कॅमेऱ्याचे एक कच्चे छायाचित्र सुमारे ५२ मेगाबाइटचे असते. ती सकाळी उतरवून घेता येतात.

शक्य असेल तेथे गच्चीपर्यंत नेटवर्क केबल न्यावी. ती १०० मीटरपर्यंत चालते. वळवाच्या पावसात विजांचा धोका असल्याने काम संपताच ती काढून ठेवावी. केबल शक्य नसल्यास राउटर जिन्याच्या वरच्या टोकाशी, दुर्बीण थेट दिसेल असा ठेवावा आणि ५ गिगाहर्ट्झचा पट्टा निवडावा. हा पट्टा भिंती कमी भेदतो. पण मोकळ्या जागेत कमी गर्दीमुळे अधिक भरवशाचा ठरतो. २.४ गिगाहर्ट्झच वापरायचा असल्यास १, ६ व ११ या एकमेकांवर न येणाऱ्या चॅनेलपैकी सर्वांत मोकळे घ्यावे. संगणकाची वाय-फायसाठीची वीजबचत बंद करावी आणि यूएसबी केबल चांगल्या धातुवेष्टनाची, अँटेनापासून दूर ठेवावी. शहराबाहेर राउटर नसल्यास दुर्बिणीजवळच्या संगणकालाच स्वतःचे वाय-फाय पुरवू द्यावे.

खोडदचा धडा

नारायणगावजवळील खोडद येथील जीएमआरटी या महाकाय रेडिओ दुर्बिणीतही हेच तत्त्व दिसते. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात विखुरल्या आहेत. पण त्यांचे संदेश मध्यवर्ती केंद्रात येतात ते प्रकाशीय तंतूंतून. ही दुर्बीण सुमारे १५०० मेगाहर्ट्झपर्यंतच्या क्षीण लहरी टिपते, तर काही मोबाइल सेवा ९०० मेगाहर्ट्झच्या आसपास चालतात. त्यामुळे अंधाऱ्या आकाशाच्या शोधात जुन्नर परिसरात जाणाऱ्यांनी या अँटेनांपासून दूरच मुक्काम करावा. आपला संपर्क टिकवताना दुसऱ्याचे आकाश गढूळ होऊ नये, ही काळजीही तितकीच आवश्यक आहे.