पावसाळ्यात डिझेल सांभाळताना

पेडण्यातले शेतपंप आणि होड्या असोत की डिचोलीच्या खाणपट्ट्यातले टिप्पर, गोव्याच्या दमट हवेत डिझेलचा खरा वैरी पाणीच. उघड्यावर उभ्या ठेवलेल्या पिंपाच्या माथ्यावर पाऊस साचतो. दिवसा तापलेल्या पिंपातली हवा बाहेर पडते आणि रात्री पिंप गार झालं की बुचाच्या आट्यांतून तेच पाणी आत ओढलं जातं. ते तळाशी बसतं. पाणी आणि डिझेल जिथे भिडतात तिथे जिवाणू व बुरशी वाढते आणि तो काळपट, बुळबुळीत गाळ फिल्टर तुंबवतो. म्हणून पिंप छपराखाली आडवं ठेवावं. दोन्ही बुचं एका आडव्या रेषेत आली की ती तेलाखाली राहतात आणि ओली हवा आत शिरत नाही.

बायोडिझेल पाणी जास्त शोषतं, लवकर खराबही होतं. सहा महिन्यांच्या आत संपवलेलं बरं. तांबं, पितळ, जस्त त्याला चालत नाही, जुनी रबरी नळी फुगते. जुन्या टाकीतला साचलेला मळही ते सोडवतं, तेव्हा पहिल्या भरण्यानंतर फिल्टर लगेच बदला. शुद्ध बायोडिझेल घेताना आयएस 15607 हे मानक विचाराच. तळणीचं तेल नुसतं गाळलं म्हणून बायोडिझेल होत नाही. त्यावर मेथेनॉलची रासायनिक प्रक्रिया व्हावी लागते. तसलं दाट तेल स्वस्तात विकणाऱ्याच्या नादी लागू नका, इंजेक्टरचा खर्च त्याहून कितीतरी मोठा असतो.